डबा उन्हात ठेवताना

डिसेंबरात गंगावेशीत पहाटे पाचला
तेल थिजतं.
पंधरा किलोच्या डब्यात पांढरं, जाड,
उलथन्यानं खरवडून कढईत टाकावं लागतं.
वडिलांच्या वेळचं शेंगतेल कधी असं वागलं नाही.
पण लक्ष्मीपुरीत दर आठवड्याला
शेंगतेलाचा भाव विचारतो
आणि पामतेल घेऊन येतो.
महानंदा म्हणते, गरम देशातलं हाय ते,
त्याला थंडी वाजायलीया.

डब्यावर एक झाड छापलंय, हिरवं, एकटं.
वीस वर्षं मी त्याला नारळ समजत होतो.

ज्योतिराम भांदिगरे आला त्या दिवशी
पाव किलो पापडी घ्यायला.
फेजिवड्याचा. साखर कारखान्यात बॉयलरवर होता,
पगार थकले तसा बोर्निओला गेला.
तिथंही बॉयलरच.
"उसाऐवजी घड," म्हणाला. "काटेरी,
एकेक वीस-बावीस किलोचा.
उकडायचा, पिळायचा."
मी विचारलं, जंगल लई दाट म्हणं तिथलं?
तो डब्यावरच्या झाडाला अंगठ्यानं घासत राहिला,
छाप निघते का बघत असल्यासारखा.

"जंगल बघितलंच न्हाई मी.
जंगल जिथं संपवलंय, तिथं मिल.
शिरोळकडं ऊस कसा, नजर पुरत न्हाई,
तशा रांगा.
फरक एवढाच, हितं सावली हाय
आणि सावलीत कोण न्हाई.

एकदा रातपाळी सुटता सुटता
वाफ गळायला लागली.
फस्स. फस्स. फस्स.
पळालो. ग्लँड बघितली, व्हॉल्व्ह बघितला,
काटा जागच्या जागी.
आणि आवाज डोक्यावरनं गेला.
बघतोय तर धनेश."

सुट्टे मोजणारं गिऱ्हाईक
मोजायचं थांबलं.

"आपल्या दाजीपुरात हाय की तो.
आज्जानं ढोली दाखवलेली मला.
मादी आत, दार लिंपून घेतलेलं,
फटीतनं नुसती चोच.
नर दिवसभर फळं आणून भरवतोय.
आज्जा म्हणायचा, ह्या झाडाला कुऱ्हाड न्हाई,
आत बाळंतीण हाय.

तिथल्याच्या चोचीत फळ होतं.
रांगांवरनं जायचा, वळायचा,
पुन्हा त्याच मोकळ्या जागेवर यायचा.
आदल्याच आठवड्यात
तिथला पट्टा साफ केलेला."

ज्योतिरामनं एक पापडी मोडली,
खाल्ली नाही.

"तीन दिवस आला.
चौथ्या दिवशी आवाज आला तसा मी वर बघत राहिलो,
तर खरंच वाफ गळत होती."

मी पापडी तोलून दिली. पैसे नको म्हटलं.
तो काट्यावर ठेवून गेला.
जाताना एक तुकडा तोंडात टाकला
आणि म्हणाला, मीठ बरोबर हाय.

आठवड्याला सहा डबे लागतात, दिवाळीत वीस.
किलोला चाळीस वाढवले
तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात.
हिशेब मला पाठ आहे,
झोपेत विचारा.
तरी आठ वाजता दुसरा डबा
उंबऱ्याजवळ उन्हात ठेवताना
झाडाची बाजू भिंतीकडं करतो.

कडेनं तेल पिवळं होत सुटतं.
मधोमध एक पांढरा गोळा तेवढा
उशिरापर्यंत तसाच,
लिंपून घेतल्यासारखा.

घाणा सोडला की फस्स होतं.
तीस वर्षं होतंच होतं.
हल्ली मान वर जाते.
महानंदा विचारते, काय बघताय?
पत्रा, म्हणतो. गळतोय का बघतोय.
ती म्हणते, आत्ता? डिसेंबरात?
आणि शेव जळायली हाय, खाली बघा.